गुलफाम मॅडमची बिछायत

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत दुपारी एखादी पोरगी पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली दिसली, तर तिला उठवायचं नाही असा नियम आहे. दारावर लिहिलेला नाही, पण आहे. दरवर्षी कोणी ना कोणी नवे प्राध्यापक येतात, ते दृश्य पाहतात आणि मला विचारतात, "अहो वच्छलाताई, ही लायब्ररी आहे की धर्मशाळा?" मी म्हणते, "सर, ही पोरगी घरच्या सगळ्यांच्या भाकरी टाकून, पहिल्या एस.टी.त उभी राहून आली आहे. तुम्ही निघायच्या आधी किती भाकरी टाकल्या?" मग ते पाय न वाजवता पुढं जातात. माझं तोंड असंच आहे, त्याला इलाज नाही. अमरावतीची बाई आहे मी, गोड बोलायला मला कोणी शिकवलं नाही.

पण हा नियम माझा नाही. तो गुलफाम मॅडमचा. आणि आज जो तो येऊन ज्या हॉलचे फोटो काढतो, तो हॉलही त्यांचाच. फोटोत काय येतं? ओटा येतो, खिडक्या येतात, उघडी कपाटं येतात. बाई येत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. कॉलेजचं नाव मात्र घेत नाही, उगाच कोणी म्हणेल आमची अब्रू काढली. विद्यापीठाला जोडलेलं जुनं कॉलेज, एम.ए., एम.एस्सी.पर्यंतचे वर्ग, एवढं पुरे.

गुलफाम मॅडम आमच्या ग्रंथपाल आणि मी काउंटरवर, पुस्तकं देणारी-घेणारी. मॅडम उंच, काटकुळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. लुनावर येणार, आणि लुना लावता लावताच सायकल स्टँडवर बसलेल्या पोरांना हटकणार, "काय रे, आत जागा नाही का?" प्राचार्यांपुढे मराठी अशी शुद्ध की मराठीच्या सरांनी ऐकत राहावं, आमच्याशी वऱ्हाडी, आणि घरी आईशी हिंदी. लग्न केलं नाही. एकदा मी विचारलंच, माझ्या तोंडाला कुठं कुलूप? तर हसून म्हणाल्या, "ताई, लहानपणापासून दुसऱ्याच्याच लग्नात राबून रायली मी. मन भरून गेलं ना माझं."

राबल्या होत्या खऱ्याच. वडील अब्दुल रहीम यांचं राजापेठेत बिछायत केंद्र होतं. मंडप, सतरंज्या, गाद्या, पाण्याची पिंपं, सगळं भाड्यानं. लग्न कोणाचंही असो, बुद्धजयंती असो, उरूस असो, भागवत सप्ताह असो, अब्दुल रहीमचाचांचा टेम्पो हजर. आणि टेम्पोत मागं, सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर ही पोरगी, हातात शाळेचं पुस्तक. चाचांची एक रीत होती. दुसरे बिछायतवाले खुर्च्यांच्या रांगा लावायचे आणि घरी जायचे. मग लोक त्या खुर्च्या ओढत ओढत सावलीत न्यायचे आणि सगळ्या रांगांचा बट्ट्याबोळ. चाचा आधी नुसत्या सतरंज्या अंथरायचे आणि विडी ओढत बाजूला उभे राहायचे. बाया कुठं बसतात, म्हातारे कुठं टेकतात, लेकरं कुठं खेळतात, ते पाहायचे. मग तिथं दिवा टांगायचा, तिथं पाणी ठेवायचं, तिथं कनात बांधायची. मॅडम मला म्हणाल्या होत्या, "अब्बा कधी कोणाले म्हनले नाही, का इथं बसा."

आता आमची लायब्ररी त्या वेळी कशी होती ते ऐका. मधोमध लांबच लांब सागवानी टेबलं. चारी भिंतींना कपाटं, कपाटांना कुलपं, कुलपांच्या किल्ल्या माझ्या कमरेला. पुस्तक पाहिजे तर चिठ्ठी लिहा. पिशवी बाहेर ठेवा, स्वतःचं पुस्तक आत आणू नका. "शांतता राखा" अशी पाटी जिकडंतिकडं, म्हणजे पोट्ट्यांना वाटावं इथं कोणी मेलं आहे. आणि एक ते तीन जेवणाची सुट्टी, दाराला कुलूप. एकचा टोला पडला की मी सगळ्यांना हाकलायची. नियमच होता.

गोष्ट दोन हजार सहाची. त्या वर्षांत आमच्या भागात सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची. कपाशी हातची गेलेली, वरूडकडं संत्र्याचे बगीचे पाण्याविना वाळलेले. शेतात काही राहिलं नाही, लेकरांनो, शिका आणि निघा, असं घराघरात चाललेलं. ज्या घरातल्या कोणी कॉलेजची पायरी चढली नव्हती, त्या घरच्या पोरी पहिल्या गाडीनं अमरावतीला येऊ लागल्या. गावात दिवसभर लाइट नाही, रात्री आली तर आली. अभ्यास करायचा तर इथंच, संध्याकाळची गाडी लागेपर्यंत. आणि आमच्या दाराला दुपारी कुलूप!

त्याच वर्षी लायब्ररी नवी करायला अनुदान मंजूर झालं. प्राचार्य भुयार सरांनी ओमप्रकाशजी इंजिनीअरकडून नकाशा काढून आणला. नकाशा सुंदर होता, खोटं कशाला बोलू. काचेचे छोटे छोटे खण, एकेका खणात एकेक विद्यार्थी, मधे कारंजं. मॅडमनी नकाशा पाहिला, चष्मा लावून परत पाहिला आणि म्हणाल्या, "सर, यात बसणाऱ्यांना विचारलं का?" भुयार सर माणूस वाईट नव्हते, फक्त घाईचे होते. म्हणाले, "विचारा ना, तुम्हीच विचारा."

मॅडमनी दाराशी पेटी ठेवली. तुम्हाला लायब्ररीत काय पाहिजे, लिहा. आठवड्यानं पेटी उघडली, तर काय? "सर्व ठीक आहे." "सर्व व्यवस्थित आहे." एका पोट्ट्यानं लिहिलं, "चहा." आता आपल्याकडं ही खोडच आहे. पाहुण्याला विचारा जेवण कसं झालं, भाजीत मीठ नसलं तरी म्हणेल, मस्त झालं! कोणाच्या दारात बसून त्याचीच उणीदुणी काढायची, हे आपल्या लेकरांना कोण शिकवणार? मॅडम त्या चिठ्ठ्या हातात घेऊन बसून राहिल्या. मग एकदम उठल्या आणि म्हणाल्या, "ताई, टेबलं बाहेर काढू."

"कुठं काढू?"

"व्हरांड्यात, छतावर, कुठंही. हॉल रिकामा पाहिजे."

मी भांडले. चांगली तणतणले. म्हटलं, मॅडम, झाडणार कोण, सतरंजीची धूळ कोणाच्या नाकात जाणार? पण त्या ऐकतात थोडीच! दुसऱ्या दिवशी चाचांच्या बिछायत केंद्रातून, जे आता त्यांचा चुलतभाऊ परवेज चालवतो, टेम्पोभर सतरंज्या आल्या. निळ्या-लाल पट्ट्यांच्या, लग्नातल्या असतात तशा. आमचा शिपाई शालिकराम म्हणाला, "मॅडम, नवरदेव कधी येते?" हॉलभर बिछायत झाली. कपाटांची कुलपं काढली, किल्ल्या माझ्या कमरेच्या गेल्या, आणि मॅडमनी पाटी लावली: आपापली पुस्तकं आणा, पाहिजे तिथं बसा. भुयार सरांनी पंधरवड्याची मुदत दिली होती, तीही कपाळाला हात लावून.

आणि मॅडम काय करत होत्या? काही नाही. काउंटरच्या मागं उभं राहून नुसत्या पाहत होत्या, बापासारख्या.

बाप्पा, काय काय दिसलं! मधोमध, पंख्याखाली, जिथं आम्ही वर्षानुवर्षं टेबलं मांडली होती, तिथं कोणी बसेना. पोरी सगळ्या भिंतीला पाठ लावून. मागून कोणी येऊ नये, समोरचं सगळं दिसावं. पोट्टे खिडकीपाशी, हवेत. आणि काही जण आतच येईनात, मागच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत मोठमोठ्यानं घोकत राहायचे. गावी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चालत चालत पाठ करायची सवय, बसलं की डोक्यात शिरतच नाही म्हणे. त्यांना आम्ही इतकी वर्षं "शांतता राखा" दाखवत होतो! डबे सगळे एका कोपऱ्यात, नळाजवळ. मॅडम खडूनं फरशीवर खुणा करायच्या, इथं पोरी, इथं डबे, इथं घोकणारे. ओमप्रकाशजी आले, खुणा पाहिल्या, आपला नकाशा स्वतःच गुंडाळून म्हणाले, "मॅडम, ये तो बना-बनाया है, मुझे सिर्फ ईंट चढ़ाना है." चांगला माणूस.

एक गोष्ट मात्र मॅडमची चुकली. दुपारची सुट्टी त्यांनी बंद केली, एक ते तीन हॉल उघडा ठेवला. पण त्या वेळात बसायचं कोणी? मला घरी जाऊन सासूला वाढावं लागायचं. मॅडमची आई बिस्मिल्लाबी, तिचा खुबा मोडलेला, तिला भरवायला मॅडम लुनावर घरी पळायच्या. मग बसवला शालिकरामला. शालिकराम म्हणजे देवमाणूस, उभ्या जन्मात कोणाकडं वाकडी नजर नाही. तर झालं असं की दुपारी पोट्टे आले, पोरी एकही नाही. एकचा टोला पडला की पोरी उठायच्या, पिशव्या उचलायच्या आणि निघायच्या, मी हाकलत होते तेव्हासारख्याच.

मॅडमना वाटलं, ऊन फार आहे. कूलर लावला. पोरी नाही. वाटलं, पाण्याची सोय नाही. माठ ठेवला. पोरी नाही. वाटलं, पोट्ट्यांसमोर डबा उघडायला लाजतात. पडदा लावला. नाहीच! विचारलं तर, "काही नाही मॅडम, सगळं बरोबर हाय." मॅडम वैतागून मला म्हणाल्या, "या पोरींच्या तोंडातून खरं काढणं म्हणजे..." आणि पुढं शब्द सापडेना त्यांना.

अशातच पायल माझ्या काउंटरवर आली. एम.एस्सी. केमिस्ट्रीची पोरगी, वरूडच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली, बौद्धवाड्यातली. सावळी, दोन वेण्या, बोलणं इतकं हळू की कान पुढं करावा लागतो. म्हणाली, "ताई, कॉलेजातून नाव काढाचं असलं तर पुस्तकं आधी जमा करा लागतात काय?"

"कोणाचं नाव काढायचं?"

"माह्यं." म्हणजे तिचं स्वतःचं.

मी तिला आत ओढलं, मॅडमसमोर बसवलं. मग हळूहळू निघालं सगळं. बाप दोन वर्षं पीक गेल्यावर पुण्याकडं कंपनीत कामाला गेलेला, घरचा कारभार आजोबांकडं, देवमन आबाजींकडं. गावच्या कोणीतरी पायलला दुपारी बस स्टँडवर बसलेली पाहिली. एकदा नाही, रोज. गावात बोलणं सुरू झालं. आबाजींनी सांगितलं, दुपारच्या गाडीनं घरी ये, नाहीतर नाव काढून टाकू. आणि प्रॅक्टिकल तीन ते पाच. दुपारच्या गाडीनं गेली तर प्रॅक्टिकल बुडतं, प्रॅक्टिकल बुडालं तर परीक्षाच नाही. आबाजी हरभऱ्याची सोंगणी झाली की, म्हणजे येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी येणार होते.

"आबाजी वाईट नाही," पायल म्हणाली. "पहिल्या दिवशी मले कॉलेजात तेच घेऊन आले होते. ते म्हनतात, शिक, पन बस स्टँडवर बसून नको शिकू."

"अगं, पण लायब्ररी उघडी असते ना आता दुपारी?" मॅडम जवळजवळ ओरडल्याच. "तिथं का नाही बसत?"

पायल खाली पाहत राहिली. "सगळं बरोबर हाय मॅडम तिथी," ती म्हणाली. मला तिला एक चापट द्यावीशी वाटली, आणि जवळही घ्यावंसं वाटलं.

त्या दुपारी मॅडम घरी गेल्या नाहीत. परवेजच्या बायकोला फोन करून आईकडं पाठवलं आणि स्वतः बस स्टँडवर गेल्या. तासाभरानं परत आल्या त्या घामाघूम, दुपट्टा डोक्यावरून घसरलेला, आणि माझ्यासमोर येऊन उभ्या. "वच्छलाताई, माझ्यासारखी येडी कोणी नाही."

"काय झालं?"

"दुर्गाबाई माहीत आहे? स्टँडवर शेंगदाणे-फुटाणे विकते ती म्हातारी?"

अमरावतीत दुर्गाबाईला कोण ओळखत नाही! तोंडानं माझ्याही वरचढ.

"आपल्या सगळ्या पोरी तिथं बसल्या आहेत. तिच्या टोपलीच्या मागं, भिंतीला पाठ लावून. पुस्तकं उघडून. आणि एक पोट्टा जवळून गेला, तर ती म्हातारी म्हणते, काय रे, काय पाहून राहिला, घेचं आहे काय काही? तो पळाला. कूलर ठेवला मी, माठ ठेवला, पडदा लावला. म्हातारी नाही ठेवली!"

आता हे कोणाला सुचलं असतं? शालिकराम कितीही देवमाणूस असो, एकटा पुरुष बसलेल्या दालनात आमच्या खेड्यातली पोरगी दुपारची डोळा मिटून कशी टेकेल? आणि हे ती तोंडानं सांगेल कशी? सांगितलं तर शालिकरामचा अपमान. म्हणून "सगळं बरोबर हाय." जिथं घरात म्हातारी बाई बसलेली असते, त्या घरी आपण तरणी पोर बिनघोर पाठवतो. सगळ्या वऱ्हाडाची हीच रीत. मला माहीत होती, मॅडमना माहीत होती, पण लायब्ररीशी तिचा संबंध लावायला बस स्टँडवर जाऊन बघावं लागलं.

"दुर्गाबाई काही धंदा सोडून येणार नाही," मी म्हटलं.

"माझ्याकडे एक आहे," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑटोतून बिस्मिल्लाबी आली. परवेज आणि शालिकराम दोघांनी दोन बाजूंनी धरून आणली. पांढरेशुभ्र केस, हातात तसबीहची माळ, काखेत पानदान. कोपऱ्यात भिंतीशी जाड गादी, मागं लोड, चाचांच्याच दुकानातला. बसली आणि पहिली हाक मारली ती खिडकीतल्या पोट्ट्याला, "ए, पैर नीचे कर, किताब रखी है वहाँ!" पोट्ट्यानं पाय असे खाली घेतले की जणू चटका बसला.

पहिल्या दिवशी दुपारी दोघी थांबल्या, पायल आणि तिची मैत्रीण आरजू. दुसऱ्या दिवशी जास्त. आठवडा संपता संपता भिंत भरली. सगळ्या तिला अम्मी म्हणायच्या. अम्मीनं प्रत्येकीची गाडी कधीची, प्रॅक्टिकल कधीचं, कोण उपाशी आली, सगळं पाठ करून टाकलं. पोरी डबा खायच्या, घटकाभर डोळा लावायच्या, आणि अम्मी तसबीह ओढत बसायची. वेळ झाली की नाव घेऊन उठवायची. मॅडमचंही भलं झालं, आईला भरवायला घरी पळावं लागेना.

भुयार सर मात्र तापले. "मॅडम, लायब्ररीत तुमच्या अम्मी? उद्या मी माझ्या मामांना आणून झोपवू का? बाहेरच्या माणसाला आत बसायची परवानगी नाही!" मॅडमनी शांतपणे नियमांचं पुस्तक काढलं. शहरातल्या कोणाही नागरिकाला वाचक म्हणून सभासद होता येतं, असा एक नियम त्यात कधीचा पडून होता. "अम्मी वाचक आहे सर. उर्दू पेपर वाचते रोज." सरांनी पाहिलं, अम्मीनं खरंच चष्मा लावून पेपर उघडला होता. सर हसू दाबत म्हणाले, "वाचा, वाचा."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मधे कोणी विचारायला नको. ओमप्रकाशजींनी भिंतीलगत रुंद ओटा बांधला, मागचा व्हरांडा घोकणाऱ्यांना दिला, डब्यांना कोपरा, हात धुवायला नळ, मधला भाग मोकळा. कपाटं उघडीच राहिली. अम्मी वारली तोवर रोज येत होती. नंतर दुर्गाबाई आली, स्टँडवर बसवेना तेव्हा. आणि आता मी बसते. रिटायर झाले, सुना घरात तोंड उघडू देत नाहीत, इथं उघडता येतं. मॅडम अजून आहेत, थोडी वर्षं राहिली त्यांच्या नोकरीची. नोकरी पुष्कळांनी केली हो, पण पोरींच्या तोंडातून जे निघत नाही ते त्यांच्या बसण्यावरून वाचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. म्हणूनच तो सोमवार सांगते.

सोमवारी दुपारी देवमन आबाजी आले. पांढरं धोतर, सदरा, खांद्यावर दुपट्टा, ताठ म्हातारा. ऑफिसातले साहेब जेवायला गेलेले, म्हणून पायल त्यांना लायब्ररीत घेऊन आली. त्यांनी दाराशी चपला काढल्या. "जयभीम."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "जयभीम काकाजी, या, बसा."

पायल सरळ माझ्याकडं आली आणि तीन पुस्तकं काउंटरवर ठेवली. "ताई, जमा करून घ्या." डोळे असे सुजलेले की रात्री झोपली नसावी. मी म्हटलं, "थांब, शिक्क्याची शाई वाळली आहे." शाई कुठं वाळली होती? चांगली ओली होती.

मॅडमनी सकाळपासून तयारी केली होती. पायलचे मार्क काय, प्रॅक्टिकल का महत्त्वाचं, पुढं नोकरी कुठं. बोलायला सुरुवात केली, "काकाजी, पायल फार हुशार..."

आबाजींनी हात वर केला. "ते मले माहीत हाय, मॅडम." आणि संपलं मॅडमचं भाषण.

आबाजी हॉलकडं पाहत होते. मग चालत गेले आणि अम्मीपासून थोडं अंतर ठेवून भिंतीशी बसले. त्यांच्या वयाचं तिथं तेवढंच कोणी होतं. अम्मीनं पानदान पुढं केलं. "नाही खात," आबाजी म्हणाले. "पानी?" "घेतो." आरजूनं पाणी आणून दिलं. आबाजी एकेका पोरीकडं पाहत होते. कोणी वाचते आहे, कोणी लिहिते आहे, आरजू परत दप्तरावर डोकं टेकून झोपलेली. अम्मीचा अडकित्ता कडकड चाललेला. मी आणि मॅडम काउंटरशी उभ्या. माझ्या हातात शिक्का तसाच. इतक्या दिवसांची मेहनत आणि त्या पोरीचं सगळं पुढचं आयुष्य त्या म्हाताऱ्याच्या नजरेत अडकलेलं, आणि आपण काही करू शकत नाही!

तीन वाजत आले. अम्मीनं हाक दिली, "आरजू, उठ बेटा. मुँह धो. अलीझा, तू भी चल, प्रॅक्टिकल है." दोघी उठल्या. मग अम्मीची नजर पायलकडं. "और तू कायको बैठी है? तेरे को अलग से न्योता देऊं?"

अम्मीला आम्ही काही सांगितलंच नव्हतं. पायल उभी राहिली, खाली पाहत म्हणाली, "अम्मी, मी आता नाही येनार. आबाजी नाव काढाले आले."

अडकित्ता थांबला. "कौन आबाजी?"

"मी," आबाजी म्हणाले.

अम्मीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी मनात म्हटलं, मेलो आता, ही बाई प्राचार्यांना सोडत नाही. पण अम्मी हळू आवाजात बोलली. "लड़की से कुछ गलती हुई?"

"नाही."

"फिर?"

"बस स्टँडवर बसते म्हने दुपारभर. लोकं बोलतात."

"बस स्टँड?" अम्मी म्हणाली. "ये तो मेरे पास बैठती है. ये क्या, यहाँ, मेरे घुटने के पास."

आबाजींनी मान वळवली. मग पायलकडं पाहून म्हणाले, "तू म्हनली होती मले, का एक अम्मी असते तिथी. मले वाटलं, पोरगी बनवून सांगून रायली." मग अम्मीला, "रोज असता तुमी?"

"रोज. और कहाँ जाऊंगी?"

आबाजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. उन्हाचं पुसलं की कशाचं, मला माहीत नाही. "किती वाजता सुटते तुयं ते?" त्यांनी पायलला विचारलं.

"पाचले."

"मंग जाय ना! पाहून काय रायली?"

पायल अशी पळाली की दारात आरजूला धडकली. तेवढ्यात शालिकराम सांगायला आला, "काकाजी, ऑफिसातले साहेब आले." आबाजी म्हणाले, "येऊ द्या. काम नाही आता त्याईचं."

मग उठून माझ्या काउंटरवर आले. तीन पुस्तकं तशीच पडलेली. "हे आमच्या पोरीचे. वापस नाही कराचे. परीक्षा व्हायची हाय तिची."

जमेचा शिक्का मी मारलाच नव्हता, पण मीही मीच. म्हटलं, "काकाजी, जमा झाली आहेत, परत न्यायला सही लागते." आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. "अंगठा चालेल."

म्हातारा भडकला. "अंगठा कायले? सही येते मले! रात्रीच्या वर्गात शिकलो मी." पेन घेतलं, चिठ्ठीवर वाकले आणि मोठ्या मोठ्या अक्षरांत 'देवमन' असं लिहिलं. इतकं मोठं की शेवटची दोन अक्षरं परतीच्या तारखेच्या जागेत गेली. मला हसू येऊन राहिलं होतं आणि डोळे भरून आले होते, काही दिसेना. मी विचारलं, "मॅडम, आता तारीख कुठं टाकू?"

मॅडम चिठ्ठीवर वाकल्या. "खाली टाका, ताई. परीक्षेनंतरची टाका."

नियम पंधरा दिवसांचा होता. मी परीक्षेनंतरची टाकली, आणि आबाजी तिन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन पाच वाजेपर्यंत अम्मीच्या शेजारी भिंतीशी बसून राहिले.